जुन्या घरातील मधमाश्यांची वसाहत वाचवणे आणि हलवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या घराची दुरुस्ती काढली, किंवा बरीच वर्षे बंद असलेली खोली उघडली, की भिंतीच्या पोकळीत, छताच्या फळ्यांमध्ये किंवा वापरात नसलेल्या धुरांड्यात मधमाश्यांनी संसार थाटलेला आढळतो. अशा वेळी घरमालक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. एक गोष्ट आरंभीच लक्षात घेतलेली बरी : या कामात माश्या पकडणे हा तुलनेने सोपा भाग असतो. खरे हलवायचे असते ते त्यांचे पोळे, म्हणजे राणी, अंडी, अळ्या आणि कोष यांच्यासकट सगळे बिऱ्हाड. आणि ते हलवल्यानंतर रिकामी झालेली जागा नीट बंद करायची असते. या दोहोंपैकी एक जरी राहिले, तरी काम फसते.

या मधमाश्याच आहेत, हे कसे ओळखावे?

एखाद्या फटीपासून चार पावलांवर, बाजूला उभे राहून दहा मिनिटे निरीक्षण करावे. पिवळी-काळी, गुळगुळीत अंगाची, बारीक कमरेची आणि उडताना लांब पाय लोंबत ठेवणारी असेल तर ती बहुधा गांधीलमाशी असते. एकच कीटक चिखलाच्या गोळ्या आणून कोपऱ्यात बुधल्यासारखे घर लिंपत असेल, तर ती कुंभारीण होय. मधमाश्यांच्या फटीपाशी मात्र सतत ये-जा चालू असते, परतणाऱ्या काही माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळ्या किंवा नारिंगी परागाच्या गोळ्या स्पष्ट दिसतात आणि फटीच्या कडा त्यांच्या वर्दळीने तपकिरी, तुळतुळीत झालेल्या असतात.

भिंतीच्या पोकळीत राहणाऱ्या मधमाश्या मुख्यतः दोन जातींच्या असतात : आशियात सातेरी, आणि जिथे जिथे पाळली गेली तिथे मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशी. दोन्ही जाती अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधतात, म्हणूनच त्या मधपेटीत राहू शकतात. आग्या मोहोळ आणि फुलोरी यांचे तसे नाही. त्या उघड्यावर एकच पोळे लटकवतात, पेटीत टिकत नाहीत आणि हंगाम पालटला की बहुधा आपणहून निघून जातात; सज्जाखाली लागलेल्या आग्या मोहोळाला येथे दिलेली कोणतीही कृती लागू पडत नाही आणि त्याच्या वाटेला जाऊही नये. भिंतीतून डिंक-मेणाची लहानशी नळी बाहेर आलेली असेल आणि तिच्यातून मुंगीएवढ्या काळ्या माश्या ये-जा करत असतील, तर त्या पोयाच्या माश्या आहेत. त्यांना नांगी नसते. त्यांना तिथेच राहू देणे सर्वांत उत्तम.

कालपर्यंत काहीच नव्हते, आज खिडकीवर माश्यांचा घोस लटकला आहे. ही वसाहतच का?

हा बहुधा वाटेत विसावलेला थवा असतो. वसाहत वाढली की जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन बाहेर पडते आणि नवी जागा ठरेपर्यंत कुठेतरी तात्पुरती थांबते. या घोसाला ना पोळे असते ना पिल्ले, त्यामुळे राखायचे काही नसते आणि माश्या सहसा शांत असतात. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत तो उडून जातो. अनुभवी मधपाळाला तो पेटीत घेणे अर्ध्या तासाचे काम वाटते, म्हणून त्याला लगेच कळवावे. तोच थवा भिंतीत शिरला, तर अर्ध्या तासाच्या कामाचे पूर्ण दिवसाचे काम होते.

वसाहत हलवायलाच हवी का?

बऱ्याचदा नाही, आणि हा प्रश्न लोक जितका विचारायला हवा तितका विचारत नाहीत. वसाहत उंचावर असेल, तिचा मार्ग माणसांच्या वावरापासून दूर असेल, घरात कुणाला डंखाची तीव्र ॲलर्जी नसेल आणि त्या भागाची दुरुस्ती काढायची नसेल, तर ती वर्षानुवर्षे कुणाला त्रास न देता नांदू शकते. उलट भिंत पाडायची असेल, वीजवाहिन्या बदलायच्या असतील, छतातून मध झिरपू लागला असेल किंवा माश्या राहत्या खोलीत येऊ लागल्या असतील, तर हलवण्याला पर्याय उरत नाही. भाड्याच्या किंवा संरक्षित वास्तूत भिंतीला हात लावण्यापूर्वी संबंधितांची लेखी परवानगी घ्यावी.

फट बुजवून टाकली किंवा औषध फवारले तर प्रश्न सुटणार नाही का?

फट बुजवली की आतल्या माश्या दुसरी वाट शोधतात, आणि ती वाट पुष्कळदा घराच्या आत उघडते. माझ्या ओळखीच्या एका घरात बाहेरची भेग संध्याकाळी सिमेंटने लिंपली आणि सकाळी निजायच्या खोलीतील दिव्याच्या खाचेतून माश्यांची रांग लागली. खोली रिकामी करून ती भेग पुन्हा फोडावी लागली.

विषाचा परिणाम याहून वाईट होतो. जिवंत वसाहत पिल्लांच्या भागाचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअस राखते. उकाड्यात माश्या पाणी आणून पंखांनी वारा घालतात. त्या मेल्या की हा गारवा संपतो, उन्हाने तापलेल्या भिंतीतील मेण मऊ पडते, मधाने जड झालेली पोळी तुटून पडतात आणि कित्येक किलो मध गिलाव्यातून पाझरू लागतो. त्यामागोमाग मुंग्या, झुरळे, उंदीर आणि मेणकिडा येतात, शिवाय हजारो मेलेल्या अळ्यांची दुर्गंधी वेगळीच. आणखी एक तोटा डोळ्यांना दिसत नाही : आजूबाजूच्या वसाहतींच्या माश्या तो विषारी मध लुटून आपल्या पोळ्यात नेतात.

पोळे भिंतीत नेमके कुठे आहे, हे न फोडता कसे समजेल?

बाहेरची फट हे केवळ दार असते. पोळे पुष्कळदा तिच्या वर, तर कधी बरेच बाजूला असते. रात्री घर शांत झाल्यावर भिंतीला कान किंवा डॉक्टरांची नळी लावून हळूहळू सरकत गेल्यास गुंजारव कुठे दाट होतो ते कळते. पहाटेच्या गारव्यात पातळ भिंतीवर पालथा तळहात ठेवला, तर पोळ्याच्या मागची जागा कोमट लागते. उष्णता टिपणारा कॅमेरा मिळाला तर हेच काम मिनिटात होते, परंतु त्यालाही पिल्लांचा ऊबदार भागच नीट दिसतो. कडेचा मधाचा साठा थंड असल्यामुळे निसटतो, म्हणून दिसलेल्या खुणेपेक्षा हातभर जास्त जागा उघडण्याची तयारी ठेवावी. शेवटची खात्री एक लहान छिद्र पाडून, आत बारीक कॅमेरा घालून करावी. छिद्र पाडण्यापूर्वी त्या भिंतीतील वीजपुरवठा बंद करावा. जुन्या घरांत तारा कुठून गेल्या आहेत याची कुणाला आठवण नसते.

कोणत्या ऋतूत हे काम करावे?

फुलोरा सुरू झालेला असावा आणि मधाचा मोठा साठा अजून व्हायचा असावा, असा काळ उत्तम. त्या वेळी पोळी हलकी असतात, बाहेर अन्न मिळते आणि मोडलेला संसार वसाहत लवकर सावरते. कडाक्याची थंडी, संततधार पाऊस आणि फुलांचा दुष्काळ हे तिन्ही काळ टाळावेत. दिवस निरभ्र आणि निवांत वाऱ्याचा निवडावा व काम सकाळी उशिरा सुरू करावे, म्हणजे बऱ्याचशा वयस्क माश्या बाहेर गेलेल्या असतात.

हे काम घरमालकाने स्वतः करावे का?

पोळे कधी हाताळले नसेल, तर करू नये. एकाच वेळी मधपाळ, गवंडी आणि सुतार अशा तिघांचे हे काम आहे, आणि ते अनेकदा शिडीवर उभे राहून करावे लागते. अनुभवी मधपाळाला बोलवावे आणि त्याला चार गोष्टी आधी विचाराव्यात : पोळी काढून पेटीत बसवणार का, राणी शोधणार का, वसाहत कुठे नेणार, आणि पोकळी कोण साफ करणार. ‘मध घेऊन जातो, माश्या आपोआप जातील’ असे उत्तर मिळाले, तर तो माणूस माश्या वाचवायला येत नाही. जुन्या बांधकामात ॲस्बेस्टॉसचे पत्रे किंवा शिशाचा रंग असण्याची शक्यता असते. तशी शंका आल्यास कापाकापी करण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावे.

घरातील इतरांनी, विशेषतः लहान मुलांनी आणि पाळीव प्राण्यांनी, त्या दिवशी दुसरीकडे असावे, आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

प्रत्यक्ष काम कसे चालते?

आधी फटीतून थोडा गार धूर दिला जातो. धुरामुळे माश्यांची धोक्याची सूचना देणारा गंध झाकला जातो, आणि घर सोडावे लागेल या भयाने त्या पोटभर मध पितात. पोट भरलेली माशी कमी चिडते. धूर जास्त झाला तर मात्र राणी भेदरून दूरच्या सांदीत शिरते आणि मग ती शोधता शोधता संध्याकाळ होते. त्यानंतर फळी किंवा गिलावा कडेकडेने, शक्य तितका अखंड काढतात. फळी निघाली की क्षणभर कुणी बोलत नाही. आत हाताच्या पंजांसारखी सात-आठ पोळी ओळीने लटकलेली असतात, कडेची नवी आणि पांढुरकी, मधली जुनी, काळपट व चामड्यासारखी चिवट. त्यांच्यावर माश्यांचा एकच जिवंत थर लहरत असतो.

कापायला कडेच्या पोळ्यापासून सुरुवात करतात. प्रत्येक पोळ्याची रचना ठरलेली असते : वर मध, त्याखाली परागाचा पट्टा आणि खाली अंडी, अळ्या व झाकलेले कोष, म्हणजे पिलावा. मधाचा भाग कापून झाकणाच्या बादलीत जातो, कारण जड, ओला मध चौकटीत बांधला तर तो खाली घसरून पिल्लांना आणि राणीला चिरडतो. पिलाव्याचा भाग लाकडी चौकटीच्या मापाने कापून सुती दोऱ्याने किंवा रबरी कड्यांनी चौकटीत बांधतात. येथे एक बारकावा आहे. पोळ्याचे कोठे बाहेरच्या तोंडाकडे किंचित वर कललेले असतात, जेणेकरून पातळ मकरंद ओघळू नये. म्हणून पोळे भिंतीत जसे होते तसेच, वरची बाजू वर ठेवूनच बांधावे लागते. कापतानाच वरच्या कडेला खूण करण्याची सवय असलेला मधपाळ नंतर घोळ घालत नाही. दोन-तीन दिवसांत माश्या पोळे चौकटीला मेणाने सांधतात आणि त्यानंतर दोरा कुरतडून त्याचे धागे पेटीच्या दाराबाहेर आणून टाकतात. ते धागे दिसले की काम जमले असे समजावे.

चौकटी पेटीत ठेवताना पिलाव्याचा क्रम शक्यतो मूळचाच ठेवतात व दोन पोळ्यांमध्ये माशीच्या वावरापुरते, म्हणजे साधारण ६ ते ९ मिलिमीटर अंतर राहील असे पाहतात. उरलेल्या माश्या मऊ ब्रशने किंवा पाण्याचे बारीक तुषार मारून हलक्या हाताने पेटीत लोटतात. काही जण अगदी कमी ओढीचे, खास या कामासाठी केलेले शोषणयंत्र वापरतात. घरातील झाडलोटीचे यंत्र लावले तर माश्या चिरडून मरतात. हे सगळे चार-सहा तास सहज चालते.

राणी सापडली किंवा नाही, हे कसे कळते?

राणी लांब पोटाची, आखूड पंखांची असते आणि उजेड दिसताच पळते, त्यामुळे ती डोळ्यांनी दिसेलच असे नाही. दिसली तर तिला लहान पिंजऱ्यात घालून पिलाव्याच्या चौकटींमध्ये ठेवतात. न दिसली तरी माश्याच सांगतात. राणी पेटीत असेल, तर दाराशी काही माश्या शेपटीकडचा भाग उंचावून पंख जोराने फडफडवतात आणि ‘या, इकडे या’ असा गंध सोडतात. मग उरलेल्या माश्या भिंतीवरून चालत, फौजेसारख्या पेटीत शिरतात. पेटीत गेलेल्या माश्याच पुन्हा भिंतीकडे परतू लागल्या, तर राणी अजून सांदीत आहे.

राणी चिरडली गेली तरी सर्व संपले असे होत नाही. पोळ्यात अंडी किंवा तीन दिवसांपेक्षा लहान अळ्या असतील, तर कामकरी माश्या त्यांतूनच नवी राणी वाढवतात; अंड्यापासून राणी बाहेर पडायला सुमारे १६ दिवस लागतात आणि मिलन होऊन ती अंडी घालू लागेपर्यंत आणखी एक-दोन आठवडे जातात. अशी कोवळी पिल्ले नसतील तर दुसरी राणी द्यावी लागते.

भिंत फोडणे शक्यच नसेल तर?

दगडी भिंत असेल किंवा वास्तू संरक्षित असेल, तर जाळीच्या शंकूचा उपाय करतात. एक सोडून सर्व फटी बंद करून त्या एका फटीवर तारेच्या जाळीचा शंकू बसवतात. त्याचे टोक माशी बाहेर पडेल इतकेच रुंद ठेवतात. बाहेर पडलेली माशी परतताना फटीजवळ घुटमळते, तिला टोक सापडत नाही, आणि शेजारी ठेवलेल्या, आत दुसऱ्या वसाहतीचा थोडा पिलावा असलेल्या पेटीत ती शिरते. कामकरी माशी जन्मायला जवळपास तीन आठवडे आणि ती बाहेर उडू लागायला आणखी तितकेच दिवस लागतात, म्हणून या उपायाला सहा ते आठ आठवडे धरून चालावे.

माझे मत विचाराल तर हा नाइलाजाचा मार्ग आहे. राणी सहसा बाहेर येत नाही, आतला शेवटचा पिलावा मरतो आणि मध भिंतीतच राहतो. माश्या संपल्यावर शंकू काढून पेटीतील माश्यांना तो उरलेला मध लुटू देतात व मगच फट कायमची बंद करतात. हा टप्पा गाळला, तर मध पाझरण्याचा त्रास पुढे उभा राहतोच.

पेटी कुठे आणि किती दूर न्यावी?

पकडल्यानंतर पेटी अंधार पडेपर्यंत त्या फटीजवळच ठेवावी, म्हणजे बाहेर गेलेल्या माश्याही आत येतात. रात्री दार जाळीने बंद करून, हवा खेळती ठेवून ती किमान ५ किलोमीटर दूर न्यावी. याहून जवळ नेल्यास बाहेर उडालेल्या माश्यांना ओळखीचा परिसर लागतो आणि त्या जुन्या भिंतीपाशी परतून तिथेच मरतात. वाहनात पेटी अशी ठेवावी की चौकटी प्रवासाच्या दिशेने उभ्या राहतील. आडव्या ठेवल्यास प्रत्येक ब्रेकला पोळी एकमेकांवर आदळतात.

नव्या जागी सकाळचे कोवळे ऊन, दुपारची सावली, जवळ पाणी आणि मुंग्यांपासून संरक्षण असावे. पेटीचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवणे हा मुंग्यांवरचा साधा, हमखास उपाय आहे.

माश्या नवी पेटी सोडून जातील का?

जाऊ शकतात, आणि सातेरी तर मेलिफेरापेक्षा कितीतरी लवकर जाते. पेटीत पिलावा भरपूर असेल तर ती सहसा जात नाही, कारण पिल्ले सोडून जाणे माश्यांना जड जाते. म्हणूनच पोळी फेकून नुसत्या माश्या पेटीत भरण्याची घाई अंगलट येते. पहिला आठवडाभर दाराशी राणीला अडवणारी जाळी लावतात. हीतून कामकरी माश्या जातात, राणी जात नाही. राणी कुमारी असल्याची शंका असेल, तर ही जाळी लावू नये, अन्यथा तिचे मिलनच होणार नाही. साखर व पाणी समान वजनाने घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आतच द्यावा, कारण उघड्यावर ठेवलेल्या पाकाने इतर वसाहतींच्या माश्या लुटीला येतात. नंतर मात्र पाच-सहा दिवस पेटी उघडू नये. मोह होतो, पण आवरावा.

काढलेला मध खाता येतो का?

त्या वसाहतीवर पूर्वी कधीही औषध फवारलेले नाही याची खात्री असेल, आणि मधात गिलावा, रंग किंवा अळ्या मिसळल्या नसतील, तर खाता येतो. जरा जरी शंका असेल तर टाकून द्यावा, तोही झाकून किंवा पुरून. एक वर्षाखालील बाळाला कोणताही मध देऊ नये. अनोळखी वसाहतीचा मध आपल्या इतर पेट्यांना खाऊ घालण्याचा हिशेबीपणा महागात पडतो, कारण अळ्या सडवणाऱ्या फाउलब्रूड रोगाचे बीजाणू मधात आणि पोळ्यात दशकानुदशके जिवंत राहतात.

डंख झाला तर काय करावे?

नांगी त्वचेत रुतून राहते आणि तिला जोडलेली विषाची पिशवी त्यानंतरही विष सोडत राहते, म्हणून नखाने, चिमट्याने, जमेल तशी पण तत्काळ काढावी. कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचे. डंखाच्या जागेला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो इतर माश्यांना हल्ल्याची खूण असतो, म्हणून तिथून दूर जावे आणि ती जागा धुवावी. श्वास लागणे, चेहरा किंवा जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, भोवळ येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. यावर पहिला उपचार ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच आहे. एकाच वेळी बरेच डंख झाले असतील, तर ॲलर्जी नसली तरी तपासणी करून घ्यावी.

रिकाम्या पोकळीचे काय करायचे?

पोळ्याचा आणि मेणाचा प्रत्येक तुकडा खरवडून काढावा, पृष्ठभाग कोमट साबणपाण्याने धुवावा, वाळू द्यावा आणि शक्य तिथे रंग किंवा चुना द्यावा. मेणाचा वास वर्षानुवर्षे टिकतो, आणि पुढच्या हंगामात जागा शोधत फिरणाऱ्या माश्यांना तो आमंत्रणासारखा असतो. म्हणून केवळ फट बुजवून भागत नाही, पोकळीच उरू देऊ नये. ती उष्णतारोधक भराव्याने गच्च भरावी, मगच फळी किंवा गिलावा पूर्ववत करावा. हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांना ३ मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी लावावी.

वसाहत नेल्यावरही फटीपाशी माश्या दिसतात. काम अर्धवट झाले का?

तसे नसावे. रात्री बाहेर अडकलेल्या काही माश्या सकाळी जुन्या पत्त्यावर परततात आणि तिथे मूठभर घोस करून बसतात. दोन-चार दिवसांत त्या विरतात. मधपाळाची तयारी असेल तर संध्याकाळी त्यांना लहान खोक्यात घेऊन मूळ पेटीत सोडता येते. आठवड्यानंतरही वर्दळ कायम असेल आणि परतणाऱ्या माश्यांच्या पायांवर परागाच्या गोळ्या दिसत असतील, तर आत पिल्ले वाढत आहेत, म्हणजे पोळ्याचा एखादा भाग आणि राणी मागे राहिली आहे. अशा वेळी फट बंद न करता मधपाळाला पुन्हा बोलवावे.